एकतीस दोन, वजा एक

३ फेब्रुवारी
चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.,
मी ठीक आहे. सकाळी दुकान उघडते आणि दुरुस्तीला आलेली घड्याळं ज्याची त्याला परत देते.
तुझ्या मामांचा आकडा तुला ठाऊकच आहे. एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे, त्यातून एक काढायचा: २१४७४८३६४७. ही मूळसंख्या आहे का, हे हातानेच शोधायचं म्हणून दुकान बंद केल्यावर ते तिला रोज एकदोन मूळसंख्यांनी भागत. नऊ वर्षं, बेचाळीस वह्या. भागाकार त्यांचा, अंकांच्या बेरजा करून नवांचा पडताळा माझा.
एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. शेवटच्या पानावर बाकी शून्य आली, म्हणजे ती मूळसंख्या नव्हे. पडताळा जुळला, मी बरोबर म्हणाले. त्यांनी वही मिटली. नऊ दिवसांनी ते गेले. वर्गमुळापर्यंत पोचायला पुढे तीनच भाजक उरले होते.
तू कॉलेजात गणित शिकवतेस. उत्तर सांगू नकोस. ते शून्य खरं की खोटं, हे मला वहीतच कसं ताडता येईल, तेवढं कळव.
लोभ आहे तो वाढता ठेव.
तुझी मामी

११ फेब्रुवारी
ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.,
उत्तर पोटात ठेवते. या घडणीच्या संख्येला एखाद्या मूळसंख्येने भाग जात असेल, तर त्या मूळसंख्येला बासष्टने, म्हणजे एकतीसच्या दुपटीने, भागल्यावर एकच उरतो. शेवटच्या पानावरचा भाजक असा तपासून बघ. आणि अंक उलटसुलट झाले तर नवांच्या पडताळ्याला ते कळत नाही.
मामांना हे माहीत असतं तर चार हजारांवर भागाकारांचं काम दीडएकशेत आटोपलं असतं. आई म्हणाली, तिचा भाऊ तरीही सगळे करूनच उठला असता.
तब्येतीची हयगय करू नकोस, माया आहेच.
तुझी ठमी

२६ फेब्रुवारी
चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.,
बासष्टने भागलं, पंचावन्न उरले. म्हणजे शून्य खोटं. पुन्हा मांडलं तेव्हा दिसलं, दोन ठिकाणी अंक उलटे पडले होते. त्यांचा हात तेव्हा कापत होता. खरी बाकी ४२८२९. मी तेव्हा फक्त नवांकडे पाहिलं, हाताकडे नाही. हे आता मला सोबत घेऊनच राहायचं आहे.
तुझी आई म्हणते ते खरं आहे. मीही उरलेले तिन्ही भाजक बासष्टला न विचारता केले, त्यांच्याच वहीत. स्वतः भागाकार कधी केला नव्हता, दोन पानं फुकट गेली. शेवटचा ४६३३७, बाकी ४१७१९. भाग कशानेच गेला नाही, म्हणजे मूळसंख्याच.
पडताळ्याला समोर कोणी नाही. आता पोटातलं उत्तर कळव. एका शब्दात लिहिलंस तरी चालेल.
तुझ्या आईला नमस्कार, तुला पोटभर आशीर्वाद.
तुझी मामी

४ मार्च
ती. मामीस,
शि. सा. न.
बरोबर.
तुझी ठमी