किलोत मोजलेली कंबर

नवी पेठ, सोलापूर
२ जुलै २०२४

चि. सौ. पद्मजा हिस,
अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आता बरे असतील.

कटिंगचं लांब टेबल, गणवेशाचे पुठ्ठ्याचे फर्मे, गठ्ठ्यांची मांडणी आणि कॉम्प्युटरवरची मापांची फाइल. तुमच्या कारखान्यात एवढं माझ्या हातचं आहे. फाइल मला कुणी शिकवली नाही. दहावी पास माणसानं रविवारचे रविवार बसून जमवली. शाळेकडून एका शीटवर नावं यायची, दुसऱ्या शीटवर मापं. माझं व्हीलुकअपचं सूत्र मुलाचा नंबर धरून मापांकडं जायचं आणि चौथ्या रकान्यातली कंबर उचलून नावापुढं आणायचं. आठ वर्षांत एक पँट परत आली नाही.

मी सासऱ्यांच्या तेराव्याला वैरागला होतो. या वर्षी शाळेला मुलांची वजनंही हवी होती, म्हणून तुझ्या राजसनं छातीनंतर वजनाचा रकाना घुसवला. नवीन काही आलं तर शेवटी भरा, असं मी वर लाल अक्षरात लिहून ठेवलं होतं. कंबर पाचव्यावर सरकली, सूत्र चौथ्यावरच जात राहिलं. पोरांच्या पँटी वजनावर कापल्या गेल्या.

बंदेनवाज मास्तरांनी कात्री थांबवून विचारलंसुद्धा, "राजसबाबा, छत्तीस कंबर? हे पाचवीचं पोरगं हाय का त्याचा बाप?" तर म्हणे, "मामाची फाइल आहे, चुकायची नाही. कापा."

मी परत आलो तेव्हा तुझे यजमान देवदत्तराव सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, "शेवटी घरगुतीच फाइल. शिकलेल्या माणसाची थोडीच आहे." राजस मोबाइलमध्ये बघत होता. तू चहाचे कप गोळा करत होतीस.

असो. आमच्या सईला कॉलेजात प्रवेश मिळाला. हिची शुगर आटोक्यात आहे.

एक लिहिणार नव्हतो. मास्तर म्हणाले, राजस वजनं भरत होता तेव्हा शेजारी बसून तूच ती वाचून दाखवत होतीस. म्हणजे रकाना कुणी घातला, हे त्या दिवशी कप उचलताना तुला ठाऊक होतं.

काल तुमचा माणूस आला होता. चूक माझीच, असं मी शाळेला लिहून द्यायचं, म्हणजे राजसचं नाव खराब होत नाही. मी नाही म्हटलं. त्यानं पुढं केलेलं पाकीट न फोडता परत दिलं. आतली रक्कम वरच लिहिली होती, तुझ्या अक्षरात: दादास, रुपये पंच्याहत्तर हजार.

शरच्चंद्र