माझं इंजिन घ्या

४ जानेवारी, रविवार

इंजिन गेलं. कॉलेजमागच्या मोकळ्या मैदानात, मोठ्या वळणावर. आधी बारीक टकटक, मग डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज, मग एकदम गप्प. आमच्या टीमचा कप्तान गाडीतून उतरला आणि हेल्मेट न काढता जमिनीवरच बसला. आत रडत होता. काचेवर वाफ धरली होती म्हणून कळलं.

चूक सगळ्यांची. बाइकचं इंजिन शर्यतीच्या चारचाकीत बसवताना एक गोष्ट विसरून चालत नाही. बाइक वळताना कलते, आतलं तेलही तिच्याबरोबर राहतं. चारचाकी कलत नाही — तेल एका बाजूला पळतं आणि पंप तेलाऐवजी हवा पितो. म्हणून तेलाच्या चेंबरमध्ये पत्र्याच्या आडभिंती घालायच्या असतात. आम्हाला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण "एक चाचणी होऊ दे, मग घालू!" घाला आता.

एप्रिलात शर्यत. हेच मॉडेल हवं, दुसरं चालायचं नाही; मागचा सगळा सांगाडा याच्याच मापाने जोडलाय. आणि ती मापं आम्ही घेतली होती माझ्या बाइकवरून.

सगळे रडकुंडीला आलेले आणि मला मात्र रडू आलं नाही. विचित्रच.

९ जानेवारी

भंगार बाजार. कप्तान आणि मी. अपघातातल्या गाड्या एकावर एक रचलेल्या, मधून चालायचं तर अंग चोरून. भंगारवाले काका चांगले आहेत, पण जिभेला हाड नाही. "चोवीस तास चाललेली नाही हो, नवरीसारखी आहे," म्हणे. मी तेलाचा बोल्ट सोडला, तेल पांढऱ्या कागदावर घेतलं. सोन्याची जरी विरघळल्यासारखं चमकत होतं — आतलं बेअरिंग खलास. "तुमच्या नवरीचे दात पडलेत," मी म्हटलं. काका खो खो हसले, रागावले नाहीत.

कप्तानाचं तोंड उतरलेलं. मी मात्र बसमध्ये चक्क गुणगुणत होते. त्यानेच दाखवून दिलं. "तुला कसलं एवढं हसू येतंय?" मलाही माहीत नव्हतं.

११ जानेवारी, रविवार

बाबांचं बाइक दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे घरात बोलणं त्याचंच. जेवताना म्हणाले, "या मॉडेलचं इंजिन सहजासहजी मिळायचं नाही. लोक विकत नाहीत." आणि थांबले. आई ताटातून वर बघेना. तिघांच्याही डोक्यात एकच बाइक होती.

माझी. जूनमध्ये नदीच्या वळणावर घसरले, खांद्याचं हाड मोडलं, बाइकचं नाक चेपलं. बाबांनी ती पुन्हा उभी केली. टाकी ठोकून सरळ केली, रंग दिला, नवे आरसे. गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली आहे. इतकं मन लावून त्यांनी कुणाची गाडी केली नसेल.

"खांदा कसा आहे?" विचारतात. मी म्हणते, दुखतो अजून. ऑक्टोबरपासून दुखत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

१७ जानेवारी

दुसरं इंजिन. पेपरातली जाहिरात, विकणारा चित्रकलेचा मास्तर, गावाबाहेर घर. दोन बस बदलून गेलो. मास्तर दारातच म्हणाले, "सकाळीच गेलं की हो. बोटीला लावणार म्हणत होता." बोटीला! कप्तान फाटकाला टेकून उभा राहिला. मास्तरीणबाईंनी दया येऊन चहा दिला.

आणि माझा जीव भांड्यात पडला. या वेळी नीट जाणवलं. इंजिन मिळालं नाही की मला बरं वाटतं. म्हणजे मला काय हवंय ते उघड आहे. त्यांनी माझं इंजिन मागावं. मी ते द्यावं. आणि मग त्या बाइकवर पुन्हा बसायचा प्रश्नच उरू नये.

१८ जानेवारी

भीती वाटते. बस्. लिहिलं एकदाचं.

२३ जानेवारी

मीटिंगमध्ये बोलून टाकलं, "माझं घ्या." मग कप्तान म्हणाला, "वेड लागलंय का? ती तुझा जीव की प्राण आहे." मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, सांगाडा तिच्याच मापाचा आहे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. टीमच्या सरांनी चष्मा पुसला. मी खाली मान घालून उभी. त्यांना वाटलं, संकोच.

त्यागमूर्ती! आरशात बघवत नव्हतं. पण खरं सांगायचं तर इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. येताना बेकरीतून मोठा केक आणला आणि निम्मा मीच खाल्ला.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "सुटलो!" आणि लगेच बाबांकडे बघून, "म्हणजे, मुलांची सोय झाली." बाबा काही वेळ चमचा फिरवत राहिले. "तुझी गाडी, तू ठरव. पण खोलणार मीच." त्यांच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने फोडणी टाकल्यासारखं झालं असतं त्यांना. मी हो म्हटलं. आठ तारखेचा रविवार ठरला.

२७ जानेवारी

झोप छान लागते. खांदा दुखतो असं सांगायला विसरले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आज चेंबरच्या आडभिंती कापल्या. या वेळी आधी भिंती, मग चाचणी. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार.

१ फेब्रुवारी, रविवार

बाबा जेवायला उशिरा आले. आईने विचारलं तर म्हणाले, चादर धुवायला टाकायची होती. चादर! बाइक आठवड्याने खोलायची आहे आणि हे तिची चादर धुतायत. मला वाईट वाटलं. त्यांनी बारीक बारीक काम केलंय त्या गाडीवर, आणि मी ती भीतीपायी मोडीत काढतेय. पण वाईट वाटलं तरी बेत बदलावासा वाटला नाही. लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

भंगारवाल्या काकांचा फोन. तेच मॉडेल. कोणीतरी मागून ठोकलेली बाइक, इंजिनाला खरचटलंही नाही. कप्तान वर्गातून धावतच आला. "तुझी बाइक वाचली!" मला मिठी मारायचंच बाकी होतं. सगळ्यांना माझ्यासाठी इतका आनंद, की मला हसावंच लागलं.

बाजारात पोचेपर्यंत मनात एकच — तेलात चमक असू दे. बोल्ट सोडला. तेल मधासारखं, स्वच्छ. कागद उन्हात धरला, चुंबक फिरवला. काही नाही. स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मापला. चारी सिलिंडर सारखे. मुद्दाम पुन्हा मापलं. तसेच.

कप्तान लांब उभा होता. त्याला गाडी हाकता येते, इंजिनाचं पोट कळत नाही. इतरही आले नव्हते. मी "खराब आहे" म्हटलं असतं तर ते खराबच ठरलं असतं. तोंडाशी आलेलं. पण त्याने बोटं जोडून एकमेकांत अडकवली होती, लहान मुलं मनातलं मिळावं म्हणून अडकवतात तशी. मनात आलं, हा गडी एप्रिलात माझ्या शब्दावर गाडीत बसणार आहे.

"चांगलंय," म्हटलं. "घे."

काकांनी दोघांना चहा पाजला. कप्तान बोलतच होता. मी कप हातात धरून बसले आणि वाटलं, संपलं. आता कुठलं निमित्त?

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सांगितलं, खोलायची गरज नाही, दुसरं मिळालं. मला वाटलं होतं, खूश होतील. "असं का," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने, "मग चल."

गॅरेजात गेलो. त्यांनी चादर काढली, घडी घातली. बाइक सुरेख दिसत होती, खोटं कशाला बोलू. किल्ली माझ्या हातात दिली. "कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

बसले. सुरू केली. आवाज ओळखीचा, मायेचा. पहिला गिअर टाकला. रस्ता रिकामा, पुढे साधं, बावळट वळण, म्हाताऱ्या सायकलवरून जातात असं. आणि पाचावर धारण बसली. क्लच हातातून सुटला आणि बाइक हिसका देऊन बंद पडली. उतरले. ढकलत परत आणली.

मग सगळं सांगितलं. खांदा कधीच बरा झालाय. मला भीती वाटते. टीमसाठी बिमसाठी काही नव्हतं, मला ती नजरेआड जायला हवी होती. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत म्हणून तोंड उघडत नव्हते. रडले, नाक पुसायला बाबांचं तेलकट फडकंच मिळालं, त्यामुळे तोंडही काळं.

बाबांनी आत जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत होते. मी घरी आले. रागावले असतील तर असोत. सांगून झालं, इतकं मोकळं वाटतंय की आत्ता दाराशी वाघ आला तरी म्हणेन, बसा, चहा घ्या.

९ फेब्रुवारी

बाबा सकाळी माझ्या खोलीत आले, खुर्चीवर न बसता कॉटच्या कडेला बसले. सांगू लागले, जूनपासून तेही बाइकवर बसलेले नाहीत. मला दवाखान्यात बघून परत निघाले, ते आपली गाडी ढकलतच. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून गॅरेजात पायी जातात, हे आम्हाला सांगितलेलं. डॉक्टरबिक्टर काही नाही. दुरुस्त झालेल्या गाडीवर चक्कर मारायला गिऱ्हाइकालाच पाठवतात.

"मी ती तुझ्यासाठी तयार ठेवत नव्हतो गं," म्हणाले. "तू बसलीस की मलाही बसता येईल असं वाटत होतं."