कांदाचाळीचं वारं

अहमदनगर
रविवार, १८ एप्रिल १९९९

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

सीडी मंगळवारी पोचली. कापसात अशी काही गुंडाळली होतीस, की खोकं उघडताना वाटलं, दादानं काचेच्या बांगड्याच पाठवल्या. तू कागदावर लिहिलंस तसंच केलं. आधी फ्लॉपी, मग सीडी. आणि बाई गं! पहिल्याच दमात सगळं समोर. लिनक्स तयार, आकृतीचे बारीक चौकोन करून जाळी पाडायचा प्रोग्राम तयार, हवापाणी वाहवून बघायचा प्रोग्राम तयार, त्याची रंगीत चित्रं काढायचाही तयार. नाहीतर गेले दोन महिने मी काय करत होते? एक प्रोग्राम बसवावा तर दुसरा रुसायचा, दुसऱ्याची समजूत काढावी तर पहिला उठून जायचा. डोक्याचा पार भुगा झाला होता.

आमची लॅब सांभाळणारे कानिफनाथ मात्र अजून धास्तावलेलेच आहेत. "मॅडम, विंडोज पुसलं गेलं तर प्राचार्य माझं नाव पुसतील," म्हणाले. मी सांगितलं, दादानं असं केलंय की कॉम्प्युटरच्या आत काही बसवायचंच नाही, सीडी काढली की मशीन पुन्हा जसंच्या तसं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास नाही बसला. मी पडद्यावरच्या नळीतून पाणी सोडून बघितलं, त्याला तासाच्या वर वेळ लागत होता. तेवढ्यात कानिफनाथ उठले, "हँग झालंय," म्हणाले आणि बटण दाबून मोकळे! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

आता कामाचं. मला एक खरंखुरं उदाहरण मिळालंय. आपल्या बेलापूरचाच एक शेतकरी कांदाचाळ बांधतोय. गेल्या साली त्याचा निम्मा कांदा सडला, म्हणून या वर्षी सगळं नीट विचारून करायचं म्हणतो. कुणाला विचारून, तर मला! पन्नास फूट लांब, बांबूच्या फटींच्या भिंती, तळ जमिनीपासून दोन फूट उचललेला. पूर्वेला विहीर, दक्षिणेला लिंब, उत्तरेला गाडीवाट, पश्चिमेला सगळं मोकळं. पावसाळ्यातलं वारं पश्चिमेचं. मी लांब बाजू पश्चिमेला करून बघितली, तर वारं कांद्यातून आरपार जातं. चित्रात नुसतं तांबडं! तांबडं म्हणजे पळती हवा, निळं म्हणजे बसलेली, हे तुला सांगायला नको. आकडे सोबत पाठवते आहे, एकदा नजर टाक. बिचाऱ्याचा पाया चुकायला नको.

शेतकरी कोण, ते विचारू नकोस. तुझ्या ओळखीचा नाही. म्हणजे असेलही. गाव केवढं आहे!

जयंतीला घरी गेले होते. मिरवणूक दणक्यात झाली. आई सारखी दारात जाऊन रस्त्याकडे बघत होती, तू येशील म्हणून. आप्पांनी एकदाही नाही बघितलं. फक्त पुण्याची एस.टी. यायच्या वेळेला 'पान खाऊन येतो' म्हणून स्टँडवर गेले. आप्पा पान कधीपासून खायला लागले, ते मी विचारलं नाही.

तीन वर्षं झाली, दादा. कारखान्याच्या टाइम ऑफिसातली नोकरी तू सोडलीस, हे बरोबर की चूक, त्यात मी पडत नाही. पण त्या नोकरीसाठी आप्पांनी ज्याच्या त्याच्यापुढं हात जोडले होते, आणि तू घरात एक शब्द न बोलता पुण्याला निघून गेलास, ते त्यांच्या घशात अडकलंय. तुझ्या घशात काय अडकलंय ते तुझं तुला ठाऊक. जाऊ दे. मी सीडीचे आभार मानायला बसले होते, कुठल्या कुठं गेले बघ.

आकडे बघ आणि लवकर कळव. तो शेतकरी घाईवर आला आहे.

तुझी आगाऊ बहीण,
यशोधरा


अहमदनगर
रविवार, ९ मे १९९९

दादा,
सप्रेम जयभीम.

ओळखलंस ना शेवटी! ना खुशाली, ना आशीर्वाद, कार्डावर नुसत्या दोन ओळी. "विहीर, लिंब आणि गाडीवाट म्हणजे आपलं खालचं रान. पश्चिमेला मोकळं काय म्हणतेस? तिथला ऊस कुठं गेला?"

वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे, मी बघायला गेले तेव्हा ऊस नुकताच तुटून गेलेला. खोडव्याला वीतभर फूट. मी आपलं 'मोकळं' लिहून टाकलं. तोच खोडवा श्रावणात डोक्याच्या वर जातो, हे बेलापुरात जन्मलेल्या पोरीला कळू नये? त्याच उसात लपाछपी खेळून मोठी झाले मी. इंजिनिअर झाले आणि ऊस विसरले!

पश्चिमेला आठ फुटी ऊस उभा करून पुन्हा चालवलं. झालं! सगळी चाळ निळीशार. वारं उसाच्या शेंड्यावरून जातं ते चाळीच्याही पलीकडं जाऊन खाली उतरतं, आणि चाळीत हवा नुसती गपगार. कांदा काय, माणूस ठेवला तरी सडेल. दोन दिवसांनी तुझं मोठं पाकीट आलं, त्यातलं चित्रही तसंच. म्हणजे तूही तिकडं चालवून बघितलंस. एक तर पाया मोडा, नाहीतर चाळीपासून साठ फूट ऊस नको, बुटकं पीक चालेल, असं लिहिलंस. ते पाकीट घेऊन मी काल घरी गेले.

हो, चाळ आप्पांची आहे. लपवलं म्हणून चिडू नकोस. तुला आधी सांगितलं असतं, तर 'त्यांनी मला विचारलंय का?' म्हणून हात झटकले असतेस. आणि सीडी तुझी आहे हे आप्पांना सांगितलं असतं, तर ते त्या कॉम्प्युटरच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. दोघंही एकाच माळेचे मणी. मध्ये मी.

पाया तोवर झाला होता, लोखंडी अँगलसुद्धा उभे होते. आप्पा आणि शेजारचे गोरक्षभाऊ बांबू तासत बसले होते. मी चपला काढायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"आप्पा, माझं चुकलं. पश्चिमेचा ऊस मी धरलाच नव्हता. तो वाढला की चाळीला वारं लागणार नाही."

गोरक्षभाऊंनी कोयता खाली ठेवला आणि पोट धरून हसायला लागले. "आवो जालिंदरराव, उसाच्या मुळीशी जल्माला आलेली पोरगी अन् ऊसच इसरली! लई शिकली म्हनायची."

आप्पा हसले नाहीत. "मंग आता कसं ध्यानात आलं?" म्हणाले.

दादा, खोटं जिभेवर आलं होतं. 'आमच्या सरांनी सांगितलं' एवढंच म्हणायचं होतं. पण तुझं पाकीट हातातच होतं, आणि आप्पांची नजर त्यावर.

"दादानं सांगितलं," म्हटलं. "ही सगळी यंत्रणा त्यानंच बसवून पाठवली. पहिल्यापासून."

आप्पा उठले. विहिरीवर गेले, हातपाय धुतले, घरात येऊन पाटावर बसले. आईनं भाकरी वाढली. मी समोर उभी, आई चुलीपाशी. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, गप राहा म्हणून. अर्धी भाकरी झाल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हनतो?"

मी सांगितलं. एक तर पाया मोडा, नाहीतर साठ फुटातला खोडवा मोडा.

"साठ?"

"साठ. त्यानं तिकडं पुन्हा चालवून बघितलं."

आप्पांनी चित्र मागितलं. कॉलेजच्या प्रिंटरवर सगळं काळंपांढरं येतं, म्हणून मी त्यात पेन्सिलीनं रंग भरले होते. निळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो सडका?" मी हो म्हटलं. चित्र दाराच्या उजेडाकडं धरलं. मग आईकडं न बघता आईलाच म्हणाले, "पुन्यात बसून माझ्या रानातला ऊस दिसला त्याला."

आईनं पदर डोळ्याला लावला आणि धूर झाला म्हणाली. चूल विझलेली होती.

आज सकाळी साठ फुटांतला, वीस सऱ्यांचा खोडवा मोडला. कारखान्याला नोंद केलेला ऊस, दादा! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात उसाचं एक टिपरू वाया जाऊ दिलं नाही, तो स्वतः ट्रॅक्टरपुढं उभा राहून 'अजून घे, अजून घे' म्हणत होता. तिथं आता जनावरांसाठी बुटका लसूणघास पेरणार आहेत. गोरक्षभाऊ धावत आले, "डोकं फिरलं का काय, जालिंदरराव? फुटलेला खोडवा कोन मोडतं व्हय?" आप्पा म्हणाले, "पोरगं म्हनतंय." एवढंच. आणि पुन्हा ट्रॅक्टरकडं वळले.

मी हे तुला जसंच्या तसं लिहिलंय, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. तू याच्यावर काय करायचं ते सांगणार नाही. पण आता चाळ चालली नाही, तर दोघांची तोंडं जन्मभर दोन दिशांना राहतील, हे मला दिसतंय. तुझ्या गणितावर माझा विश्वास आहे.

तुझी,
यशोधरा


अहमदनगर
रविवार, १० ऑक्टोबर १९९९

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

पावसाळाभर मी तुला त्रोटक लिहीत होते, कारण चांगलं लिहावं तर दृष्ट लागेल आणि वाईट लिहावं तर काही घडत नव्हतं. आता लिहिते. चाळ जिंकली!

सप्टेंबरात सलग पाऊस लागला तेव्हा गावात चाळीचाळीतून कांद्याचं पाणी वाहत होतं. गोरक्षभाऊंच्या चाळीवरून जाताना नाकाला पदर लावावा लागायचा. आपला कांदा खडखडीत. उत्तरेच्या टोकाला थोडा सडला, कारण आईनं तिथं सरपण रचून ठेवलं होतं आणि तुझ्या-माझ्या कुणाच्याच चित्रात आईचं सरपण नव्हतं! आप्पांनी ते उचलायला लावलं, तर आई म्हणाली, "वाऱ्याचं कवतिक लई झालं, स्वैपाक काय वाऱ्यावर करू?" बराचसा कांदा घोडेगावच्या बाजाराला नेला. भाव झकास मिळाला. आप्पा इतके खूश, की व्यापाऱ्याला चहा पाजून आले.

गोरक्षभाऊंनी आता पुढच्या सालच्या चाळीसाठी आतापासून नंबर लावलाय. त्याहून कहर म्हणजे पुणतांब्याचे एक गृहस्थ कॉलेजात हजर! म्हणाले, "मॅडम, ती कांदा न सडायची सीडी एक द्या, चाळीत टांगतो." कानिफनाथ हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. मी त्यांना बसवून घेतलं आणि त्यांच्या रानात चारी बाजूंना काय काय उभं असतं ते विचारलं. बारा महिन्यांचं विचारलं. ती चूक पुन्हा नाही. मुलंही आता तुझ्या सीडीवरच प्रोजेक्ट करतात. कुणी धुराडं बघतंय, कुणी कालव्याचं दार. सुट्टीतही लॅब उघडी ठेवावी लागते. मला इथं फार बरं वाटतं, दादा.

काल आप्पा कॉलेजात आले होते. मला न कळवता. धुतलेली टोपी, नवा सदरा. "ते मशीन दाव," म्हणाले. कानिफनाथांनी खुर्ची दिली. मी सीडी घातली, चाळ उघडली, वारं सोडलं. आप्पा पडद्यापाशी वाकून बघत होते.

"ह्यात तुजं काय अन् त्याचं काय?"

मी सांगितलं. हे प्रोग्राम जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिले आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवले. कुणी मागितलं तर देतात. दादानं ते गोळा केले, एकमेकांशी जुळवून दिले, म्हणजे माझ्यासारखीनं नुसती सीडी घालायची की काम सुरू.

"लोकांनी फुकट दिलं?"

"फुकट."

"अन् ह्यानं बी फुकटच?"

"हो."

"मंग ह्याला नोकरी म्हनत्यात का?"

मला हसू आलं. म्हटलं, "नाही आप्पा, नोकरी वेगळी. हे तो सुट्टीच्या दिवशी करायचा. दोन महिने मी रडत होते ना, तेव्हा माझ्यासाठी केलं त्यानं."

आप्पा पुन्हा पडद्याकडं वळले. चाळ लाल होत गेली ती शेवटपर्यंत बघितली. उठताना त्या खोक्यावर, मशीनवर रे, हात ठेवला. आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो ना, तसा.

मग मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. श्रीरामपूरची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "पुढल्या ऐतवारी पुन्याला जावं म्हनतो. पत्ता लिहून दे."

मी पर्समधून पेन काढलं. म्हटलं, "मी येऊ बरोबर?"

"नको. मला येतं जाता."

"दादाला कळवू?"

"कळीव की. घरी नसला तर मी काय दारात बसू?"

मला राहवलं नाही. विचारलं, "आप्पांचा राग गेला, असं लिहू का?"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी काही भलतंच बोलले. म्हणाले, "खोटं कशापायी लिव्हतीस? राग हाय. त्याला म्हनावं, राग घिऊनच येतोय. पन येतोय."

एवढ्यात गाडी लागली आणि ते खिडकीची जागा धरायला पळाले. या वयात!

तर दादा, येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं शिवाजीनगरला उतरतील. बरोबर कांद्याचं पोतं असेल, आप्पाच सांगत होते. आईनं नको नको म्हटलं, 'पुण्यात काय कांदा मिळत नाही?' तरी आप्पांनी स्वतः एकेक निवडून भरलंय. तू आधी पोतं हातात घे. ते देणार नाहीत, तरी घे. माफी मागायची का, कुणी आधी बोलायचं, राग किती दिवस ठेवायचा, हे मला विचारायला पत्र लिहू नकोस. तीन वर्षं इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं मी नेलं. आता तुमचं तुम्ही बघा.

दोघांच्या मधून एकदाची बाजूला झालेली,
तुझी बहीण,
यशोधरा