पोलिसांची गाडी आणि पुढची सीट

७ जून २०१४, शनिवार

गाडी घरी येऊन पंधरवडा झाला. मी अजून एकदाही पुढे बसलेली नाही.

पोलीस खात्यानं काढून टाकलेली गाडी. डीलरनं पांढरा रंग मारलाय, पण उन्हात तिरकं उभं राहिलं की दारावर अक्षरं होती ती जागा दिसतेच. भिंतीवरचा फोटो काढल्यावर डाग राहतो तशी. टपावर दिव्याचं भोक बुजवलंय. यांना सगळ्याचंच कौतुक. "मंगल, इंजिन बघ! पोलीस लोक सर्व्हिसिंग चुकवत नाहीत." मला इंजिनातलं काय कळतंय. मागची दारं आतून उघडत नाहीत, एवढं कळलं. चोर पळू नयेत म्हणून. म्हणजे मी नि केतकी चोर.

आज रीतसर पूजा केली, कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर. झेंडू महाग, शेवंतीवर भागवलं. चाकाखाली लिंबू ठेवलं तर केतकी इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "आई, क्विक लाह, पीपल आर लुकिंग." बघू देत. चौदा वर्षांची झाली, देवाची लाज वाटते.

लिंबं, नारळ, शेवंती: पैसे गाडीखात्यात लिहिले. देवखात्यात नाही.

११ जून, बुधवार

बेडोकला बाजाराला जायचं होतं. हे ऑफिसला हार्बरफ्रंटला जातात, वाटेत सोडतो म्हणाले. आमच्या टॅम्पिनीसहून बसचे पैसे वाचले म्हणून खुशीत खाली उतरले, तर गाडीपाशी रश्मी पोतनीस उभी.

यांच्याच ऑफिसात अकाउंट्सला आहे. एम. कॉम. पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहते, नवरा जकार्त्याला. हे तिला रोज नेतात ते मला ठाऊक होतं. ती पुढे बसते ते नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बसा ना पुढे! मला मागे मळमळतं, पण एक दिवस काढीन कसाबसा."

असं म्हटल्यावर कोण बसेल? मीच म्हटलं, नको, तुम्ही बसा. मागे ते पोलिसांच्या वेळचं रेक्झिनचं बाकडं. ब्रेक दाबला की मी पिशवीसकट घसरते. पुढे दोघांचं एकच. "साठे, वळताना डावीकडून गुणगुण येतेय हं. बेअरिंग बघून घ्या." हे असे खुलले! वीस वर्षांच्या संसारात माझ्याशी बेअरिंग हा शब्द बोललेले नाहीत.

बेडोकला तिनंच उतरून माझं दार उघडलं. "या वहिनी, सुटलात!" हसत होती. वाईट हेतू नसेल.

(यापुढे नुसतं र. लिहायचं. शाई फुकट जाते.)

२२ जून, रविवार

रविवारी सकाळी आम्ही दोघं देवळात जायचो. आता मी बसनं देवळात, हे गाडी घेऊन गॅरेजात. तिथला म्हातारा चिनी अंकल यांना स्टुलावर बसवून कॉफी देतो म्हणे. दुपारी दोनला आले, नखांत काळं, चेहरा मुंजीतल्या बटूसारखा.

मोरीचा नळ दिवाळीपासून ठिबकतोय. गाडीला मात्र नवे ब्रेक, नवी बॅटरी, एसीत गॅस, पायाखाली गालिचे. मागच्या दाराचं विचारलं तर, "त्याला आतलं सगळं पॅनेल उचकटावं लागतं. नंतर."

संध्याकाळी देवाचं मऊ फडकं सापडेना. शोध शोध शोधलं. गाडीत निघालं. त्यानं स्टिअरिंग पुसलं होतं. देवाला माझ्या जुन्या साडीचा तुकडा फाडून घेतला.

२ जुलै, बुधवार

यांचा चष्मा गाडीत राहिला म्हणून आणायला गेले. पुढच्या कप्प्यात डबी, आत आल्याच्या वड्या. र.च्या.

जेवताना विचारलं. "अगं, उत्तम करते. खोकल्याला बरं वाटतं."

माझ्या आलेपाकाला दरवर्षी म्हणतात, तिखट आहे.

एक वडी खाऊन बघितली. बरी होती. म्हणजे चांगलीच होती. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचतंय.

१५ जुलै, मंगळवार. अंगारकी

निर्जळी केली. देवळात एवढी गर्दी, पण गाभाऱ्यासमोर मिनिटभर एकटी सापडले तेव्हा बोलून टाकलं. गणराया, ही गाडी आमच्या घरातून जाऊ दे. विकली जाऊ दे. एकवीस मोदक, उकडीचे. नारळ ताजा खवीन, पाकिटातला नाही.

बोलले आणि छातीवरचा धोंडा उतरला. कुणाचं वाईट नाही मागितलं. वस्तूच तर जायचीय.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी एक्सप्रेसवेवर गाडी बंद पडली. गिअरबॉक्स. ओढून न्यावी लागली. यांना आणि र.ला काही झालं नाही, पण अर्धा तास उन्हात कडेला उभे होते.

रात्री जेवले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. सासरे गेले तेव्हा असे बसले होते.

मी देवापाशी दिवा लावला. इतक्या लवकर ऐकशील असं वाटलं नव्हतं रे. आणि ती दोघं आत असताना?

२७ जुलै, रविवार

अंकल म्हणाला, दुरुस्त होईल पण खर्च मोठा. यांनी हिशेब माझ्यापुढे टाकला, बघ म्हणाले. मी बघितला. केतकीची फी, भाडं, सांगलीला घरी पाठवायचे पैसे. कितीही ताणलं तरी पांघरूण पुरत नाही. "भंगारात द्यावी लागणार," म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. मग मनात आलं, आता दोघं एमआरटीनं जाणार. गाडीत निदान मधे गिअर असतो. ट्रेनमध्ये एका दांडीला धरून उभे राहतील…

श्रावण लागला. मनात असलं घेऊन श्रावण लागला.

३१ जुलै, गुरुवार

र. आली होती, ऑफिसहून परस्पर. चहा घेतला, बिनसाखरेचा. सरळच बोलली.

"साठे, भंगारात कशाला? मला द्या. गिअरबॉक्सचं मी बघते. सासूबाई येतायत सप्टेंबरात, त्यांचे गुडघे गेलेत. मला गाडी हवीच आहे आणि हिची नस न् नस मला माहितेय."

यांचा चेहरा! चार दिवसांनी माणसात आले. "अंकल तुम्हाला फसवेल हं. रविवारी गॅरेजात मीच घेऊन जाणार."

"म्हणजे काय, मग! आणि सकाळी मी चालवणार, तुम्ही बाजूला बसायचं. फक्त ब्रेक दाबा, ब्रेक दाबा करायचं नाही."

दोघं हसले. मी कप उचलून आत गेले.

गणरायानं अक्षरन् अक्षर ऐकलं. घरातून जाऊ दे म्हटलं, चाललीय. विकली जाऊ दे म्हटलं, विकली जातेय. कुणाला, ते सांगायचं मीच विसरले. मंडईत मेथीची जुडी घेताना दहा वेळा उलटीपालटी करून बघते, आणि देवाशी बोलताना घाई केली.

आता मोदकांचं काय? नाही केले तर नवस डोक्यावर. केले तर तिच्या भाग्याचे मोदक माझ्या हातानं वळायचे.

३ ऑगस्ट, रविवार

धीर करून म्हटलं, "ठेवू या ना आपणच गाडी. माझ्या पाटल्या आहेत…"

हे बघतच राहिले. "मंगल, तूच ना म्हणायचीस, पांढरा हत्ती आणलात म्हणून?"

"म्हणत होते."

"मग आता काय झालं?"

काय सांगू? देवाजवळ काय बोलले ते सांगू? की कारण सांगू? पाटल्यांचं ऐकून हळवे झाले, पाठीवर हात ठेवला. "वेडी आहेस. रश्मीला शब्द दिलाय."

शब्द दिलाय.

केतकी आतून, "आई, इट्स जस्ट अ कार, व्हाय यू सो सॅड?"

६ ऑगस्ट, बुधवार

मार्ग सुचला. पूजेत बसले असताना सुचला म्हणजे त्याचाच असणार. रविवारी राखीपौर्णिमा. यांना सख्खी बहीण नाही, चुलतही नाही. र.ला जेवायला बोलवायचं, पाट मांडायचा, तबक तयार ठेवायचं. एकदा हातात राखी बांधली की पुढे बसो, मागे बसो, गाडी चालवो. बहीण ती बहीण.

फोन केला. "येते की, वहिनी! नारळीभात ना? नक्की."

लिटिल इंडियातून राखी आणली. मोठी घेतली, जरीची, लांबून दिसेल अशी. यांना सांगितलेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार. राखीपौर्णिमा

जेवायच्या आधीच पाट मांडला. रांगोळी काढली. यांना बसा म्हटलं, बसले, कशासाठी ते न विचारता. तबक तिच्यापुढे केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, राखी.

"यांना बहीण नाही. म्हटलं, तुम्ही आहातच."

हे पंख्याकडे बघत होते. तिनं राखी उचलली, उलटीसुलटी केली. "वहिनी, काय सुंदर आणलीत हो." मग एकदम, "साठे, किल्ली कुठाय?"

सगळे कारपार्कात. गाडी काल दुरुस्त होऊन आलीय. तिनं दार उघडलं आणि राखी आरशाला बांधली, दोन गाठी मारून. "रक्षण हिनंच करायचंय ना माझं? सासूबाईंसकट! पक्की पोलीस आहे."

केतकीनं टाळ्या वाजवल्या. हे हसले. मोकळं हसले. सुटल्यासारखं की नुसतंच, ते मला ओळखता आलं नाही. वीस वर्षं झाली आणि ओळखता आलं नाही.

जिन्यात ती माझ्यासाठी मागे थांबली. हळू म्हणाली, "वहिनी, मला तीन भाऊ आहेत. पैठणला, नाशिकला, एक पुण्यात. सांभाळून सांभाळून दमलेय. बोलायला माणूस एवढा एकच आहे. तेवढा राहू द्या."

चला, भात गार होतोय, म्हटलं.

जेवण छान झालं. ती दोनदा नारळीभात घेऊन जेवली, कृती विचारून घेतली. मी सांगितली, लवंगा किती तेही.

रात्री यांना विचारलं, कागद कधी करायचे. बुधवारी, म्हणाले.

"मी येते बरोबर."

"तू? तू कशाला?"

"येते. पुढच्या सीटवर बसून."

यांनी दिवा घालवला. बराच वेळ जागे होते. मीही जागीच होते, पण तसं जाणवू दिलं नाही.