शंखाचा दोष नव्हता

गुयाव, ग्रेनाडा
२२ ऑगस्ट, दुपार

प्रिय कॅडोर सर,

सगळं बदललं ते चार वर्षांपूर्वी, मार्चमधल्या निवडचाचणीच्या शनिवारी, डेलीन शंभर मीटर पळाली तेव्हा. त्या दिवसाची तुम्हाला मी आठवण करून द्यायला नको.

तुमची तब्येत बरी असेल. मी तुमच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय. घरात टँटी व्हर्ना होत्या, अख्ख्या गावाची मावशी. म्हणाल्या, "तुझे सर पहाटेच होडी घेऊन गेले. मिरवणूक संपेपर्यंत मासा काही गावायचा नाही त्यांना." मग माझ्याकडे बघून, "आणि तू रे, अर्ध्या कॉलेजच्या पंडिता? पोरगी जगज्जेती होऊन आलीय आणि तू म्हाताऱ्याला शोधतोयस?" कोकोचा चहा पुढे ठेवून त्या मिरवणूक बघायला गेल्या.

डेलीनचा काल निरोप आला. मिरवणुकीच्या ट्रकवर शेजारी मीच हवा म्हणते. अमेरिकेतूनही ती मलाच लिहायची. तिला वाटतं, त्या चाचणीनंतर तिच्या बाजूने मी एकटा उभा राहिलो. कॉलेजात एक प्राध्यापक म्हणाला होता, "कोळ्यांच्या पोरी, होडी आली की मगच धावायच्या." मी त्याच्यावर खुर्ची फेकली. कॉलेज त्यामुळे सुटलं असं मी सगळ्यांना सांगतो. खुर्ची खरीच फेकली. राग मात्र त्याचा नव्हता.

त्या दिवशी वेळ घ्यायला तीन घड्याळं होती. एक खाऱ्या हवेनं बंद पडलेलं. दुसरं फ्रेडरिक आजोबांच्या हातात. बार उडाला आणि त्याच क्षणी किनाऱ्यावर शंख वाजला, ट्यूना आला म्हणून. आजोबांची मान तिकडे वळली. आपल्या गावात कोणाची वळणार नाही? त्यांचं बटण दाबायचंच राहिलं. उरलं माझं. मी बारा पूर्णांक एक सेकंद सांगितलं. निवडीसाठी तिला अकरा पूर्णांक आठ हवं होतं.

गाव म्हणालं, पोरगी शंखाने दचकली. "होड्या यायच्या वेळेला चाचणी ठेवतो, तो कसला मास्तर?" तुम्ही वाद घातला नाहीत. तिच्या आईकडे जाऊन म्हणालात, "चूक माझी आहे. हिला राजधानीत पाठवा, तिथे चांगला माणूस आहे." पुढच्या वर्षी ती निवडली गेली, मग अमेरिका, मग सुवर्णपदक. सकाळपासून रेडिओवर त्या चांगल्या माणसाचं नाव चाललंय. व्यासपीठावर त्याची खुर्ची आहे, तुमची नाही. मी जाऊन बघून आलो.

ती दचकली नव्हती, सर.

आदल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, जाऊ नकोस. ती म्हणाली, "आधी पळू तर दे. मग रड हवं तेवढं." तिने रेघ ओलांडली तेव्हा माझा अंगठा बटणावर होता. मी एक श्वास घेतला, मग दाबलं. वर्षभर ती इथे राहील, एवढंच डोक्यात होतं. राहिलीही नाही. खरी वेळ किती होती ते मला माहीत नाही, आता ती कुणालाच कळणार नाही. ती निवडली गेली असती आणि तिला तुम्ही घडवलं होतं, एवढं मला तेव्हाही दिसत होतं.

बँड जवळ आलाय. ट्रक चर्चपाशी वळला असेल. मी चढणार आहे. आधी तिला सांगेन, मग तिच्या हातातला माईक घेऊन गावाला. त्यानंतर ती मला लिहिणार नाही. खाली ढकललं तर ढकलू दे.

माफी कागदावर मागत नाही, ती तुम्ही समोर असताना मागेन. फक्त गावाच्या तोंडून कळण्याऐवजी माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे.

कागद टेबलावर ठेवलाय. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो, नाहीतर टँटींच्या कोंबड्या आत शिरतील.

तुमचा म्हणवून घ्यायचा हक्क नसलेला,
केल्डन