लवंगीचा डबा आणि डंकावरचे बाकडे

मी, श्रीमती श्यामला विजयसिंह इंगवले, वय बहात्तर, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, धंदा चटणी कुटून देण्याचा डंक, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे भैरवी वकीलबाईंनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि सकाळच्या चहाखेरीज मी कसलीही नशा केलेली नाही. वकीलबाईंनी चांगला मसुदा टाइप करून दिला होता. तो वाचता वाचता मला डुलकी लागली. म्हणून त्यातला कायदा तेवढा ठेवला आहे आणि बाकीचे माझे घातले आहे.

मला मरायची घाई नाही. डॉक्टर यज्ञेश्वर म्हणतात, अजून पुष्कळ हंगाम बघाल. लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. माझा मुलगा गेल्यापासून माझ्याजवळच राहणारी माझी सून संयोगिता हिला आदर्श नावाच्या एका चांगल्या माणसाने लग्नाचे विचारले आहे आणि ती दिवाळीपासून उत्तर देत नाही. विचारले की म्हणते, "तुमास्नी एकटं सोडून कुठं जाऊ, आक्का?" सगळी गल्ली मला आक्का म्हणते, माझा मुलगाही आक्काच म्हणायचा, म्हणून तीही म्हणते. तर माझे काय आहे आणि ते कोणाचे, हे लिहून मी तिची ही सबब काढून घेत आहे. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न बघता, सही होण्याआधीच तिला वाचायला द्यावे.

कलम पहिले. मंगळवार पेठेतले माझे दोन मजली घर, आणि त्याच्या तळमजल्यावरचा डंक, म्हणजे उखळे, मुसळे, मोटार, चाळण्या आणि तराजू, हे सर्व मी संयोगितेला देत आहे. ही माझी स्वकष्टार्जित आणि नवऱ्याच्या माघारी माझ्या एकटीच्या नावावर असलेली मिळकत आहे.

या कलमाला एक अट आहे, ती नीट वाचावी. माझे धाकटे दीर बाळासो, राहणार बिद्री, यांनी माझा मुलगा अमरसिंह गेला त्या वर्षीच सुचवले होते, "वहिनी, आत्ताच कागदावर घ्या. पोरीनं दुसरं लगीन केलं तर घरावर तिचा हक्क न्हाय." मी त्यांना चहा न विचारता परत पाठवले होते. ज्या घरात वसुलीला आलेल्या माणसालाही चहा मिळतो, त्या घरात हे काय झाले, ते आमच्या भावकीला कळले. त्यांचे ते कलम मी आज घेत आहे, फक्त उलटे करून. संयोगितेने लग्न केले नाही तरी घर तिचेच. केले तरी तिचेच, आणि केले तर वर माझ्या सोन्याच्या पाटल्याही तिच्या. न केल्यास पाटल्या समोरच्या धोंडुबाईला मिळतील, आणि धोंडुबाई त्या घालून रोज संयोगितेच्या दारावरून फिरेल. मी तिला तसे बजावून ठेवले आहे. ती आनंदाने तयार आहे.

कलम दुसरे. धोंडुबाईने माझे पुरणाचे यंत्र एका होळीला नेले ते आजपर्यंत आणून दिले नाही. दरवर्षी मी मागते, दरवर्षी ती म्हणते, "आत्ताच धुऊन ठेवलंय की." ते यंत्र मी तिला कायमचे देत आहे. आता मागायला कोणी उरणार नाही, तेव्हा तिला करमेल की नाही याचीच मला काळजी आहे.

कलम तिसरे, आणि हेच माझे खरे मृत्युपत्र. कोर्टात कोणी बाहेरगावचे साहेब असले तर त्यांच्यासाठी आधी सांगते. आमच्याकडे उन्हाळा लागला की घरोघरी मिरची वाळवतात, मसाला भाजतात आणि वर्षाची चटणी कुटून घ्यायला डंकावर आणतात. आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून प्रत्येक बाई आपल्या मिरचीसमोर बसून राहते. मुसळे वरखाली होतात, तिखटाचा धुरळा उठतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहते. डंकावर कोणी कोणाला 'का रडतेस' असे विचारत नाही. भिंतीला लागून एक लांब बाकडे आहे. ते माझ्या नवऱ्याने बाभळीचे करून घेतले होते.

अमरसिंह पेठ वडगावच्या बाजारातून मिरची घेऊन येताना रस्त्यात अपघातात गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. मी रडले नाही. लोक म्हणायचे, आक्का खंबीर आहे. खंबीर कसली, मी नुसती ताठ झाले होते. कोणी सांत्वनाला आले की मी त्याला हिशेब, भाव, मोटारीचे बिघाड यातच गुंतवायची. माझे दुःख मी दारातच उभे करून ठेवले होते, पावण्यासारखे, आत ये म्हणत नव्हते.

पुढच्या हंगामात मी घरची चटणी करायला घेतली. आमच्या घरी दोन चटण्या होत. एक सगळ्यांची, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची. दुसरी एकट्या अमरसिंहची, निव्वळ लवंगीची. ती इतकी जहाल की घरात दुसरे कोणी चाखतही नसे. तो मात्र भाकरीवर तेल घालून खायचा आणि कपाळाचा घाम पुसत हसायचा. हात आपल्या सवयीने चालले. मी लवंगी निवडली, भाजली, वेगळ्या पिशवीत घातली, डंकावर आणली. आमचा पिराजी, जो तेव्हापासून आजपर्यंत मशीन चालवतो, त्याने पिशवी बघितली, माझ्याकडे बघितले आणि मोटार सुरू केली. चटणी चाळून डब्यात भरली, झाकण लावले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही खाणारे कोणी नाही.

मी बाकड्यावर बसले आणि रडले. वर्षभराचे रडले. आजूबाजूला दहाबारा बायका बसल्या होत्या, सगळ्यांचे डोळे लाल, सगळ्यांच्या नाकाला पदर. कोणाला काही कळले नाही. मला फार बरे वाटले. ते दुःख एकदाचे आत येऊन बसले, आणि बसल्यावर ते मला वाटले होते तेवढे मोठे नव्हते. माझ्या घरात मावेल एवढे होते. तोंड पुसून मी शेजारी बघितले. एक बाई केव्हाची तशीच बसली होती. तिची चटणी कधीच कुटून झाली होती, पिशवी बांधून पायाशी होती, आणि तरी ती उठत नव्हती. इतकी वर्षे मी गल्ल्यावर बसून असल्या बायकांना म्हणत आले होते, "झालं की तुमचं, उठा, गर्दी हाय." त्या दिवशी मी उठले आणि तिला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिले.

तेव्हापासून मला बाकडे वाचता येऊ लागले. कोण मिरचीसाठी आले आहे आणि कोण नुसते बसायला, ते मला कळते. कोणाची मुलगी परत आलेली असते, कोणाचे माणूस दवाखान्यात असते, कोणाला स्वतःलाच काय झाले आहे ते ठाऊक नसते. मी विचारत नाही. माझे दुःख मला असे उपयोगी पडेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला डंकातून हाकलले असते. पण पडले खरे.

म्हणून माझी आज्ञा अशी. बाकडे हलवू नये. त्यावर पोती रचू नयेत. जो मिरची न आणता येईल त्यालाही बसू द्यावे, गूळ आणि पाणी द्यावे, आणि का आलास असे विचारू नये. सोमवारी मात्र डंक बंद ठेवावा, भर हंगामातही. रडणाऱ्यांनाही एक दिवस सुट्टी पाहिजे आणि मोटारीला तेल.

याच कलमात बाळासोंचे लिहिते. त्यांना विचारूनच लिहीत आहे. ते म्हणाले, "लिवा की वहिनी, आता कसली लाज?" चहाच्या प्रकरणानंतर आमचे बोलणे बंद होते. एका श्रावणात, डंकाला काम नसताना, ते येऊन बाकड्यावर बसले. हातात मिरची नाही, पिशवी नाही. माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विसरण्याच्या दुखण्यात त्या महिन्यात त्यांनाही ओळखायचे सोडले होते. पाटील घराण्यात उठबस असलेला, मिशा पिळणारा माणूस, बसला होता आणि हवेत तिखटाचा कणही नव्हता. अशाने त्यांना रडता येणार नाही, हे मला कळले. मी पिराजीला म्हटले, "घरातली आणून टाक चार मुठी." तो म्हणाला, "कुणाची म्हणून लिवू?" मी म्हटले, "माझी." मुसळे चालू झाली, धुरळा उठला, बाळासो शिंकले आणि मग मोकळे झाले. जाताना नुसते म्हणाले, "मिरची झणझणीत हाय तुमची." मी म्हटले, "चहा घेऊन जावा." त्या दिवशी ते दोन कप प्याले.

तेव्हा बिद्रीच्या शेतातला माझा हिस्सा मी बाळासोंना देत आहे, आणि माझ्या नवऱ्याचा फेटाही. फेटा त्यांनी संयोगितेच्या लग्नात बांधावा. आदर्शची चौकशीही त्यांनीच केली आहे. "पोरगं सोन्यासारखं हाय, वहिनी. कारखान्यावर समदी चांगलं बोलत्यात," असे स्वतः येऊन सांगून गेले.

कलम चौथे, आदर्शविषयी. हे गृहस्थ बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला आहेत. प्रथम आले ते मिरची न घेता. त्यांची आई गेली होती. संयोगितेने त्यांना गूळ दिला आणि काही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात ते चटणी कुटायला म्हणून पुन्हा आले. पिराजीने पिशवी उघडली तर आत दुकानातून आणलेली तयार चटणीची पाकिटे. पिराजी म्हणाला, "सायेब, ही कुटल्यालीच हाय की!" गृहस्थ लाल झाले, आणि ते तिखटाने नव्हते. संयोगिता त्या दिवशी हसली. अमरसिंह गेल्यापासून ती इतकी मोठ्याने हसलेली मी ऐकली नव्हती. कुटलेली चटणी पुन्हा कुटायला आणणारा माणूस मला जावई म्हणून पसंत आहे. जावईच म्हणते, कारण हिला या घरातून मी लेक म्हणून देणार आहे.

कलम पाचवे. पिराजी काम करायचे म्हणेल तोवर त्याला डंकावरून काढू नये. माझा रेडिओ त्याला द्यावा. तो तसाही त्याच्याच कानाशी असतो.

कलम सहावे, लवंगीचा डबा. त्या हंगामात डबा घरी आणला तेव्हा मी तो मोरीत ओतायला निघाले होते. संयोगिता मध्ये आली. म्हणाली, "टाकू नगासा, आक्का. आपुन खाऊया की." तिला साधी चटणीही सोसत नव्हती. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, भाकरी मोडली, त्याच्यासारखेच वर तेल घातले. पहिल्या घासाला तिचे कान लाल झाले, दुसऱ्याला मला उचकी लागली. मग ती गुळासाठी धावली, मी पाण्यासाठी, दारात आमची टक्कर झाली, आणि दोघी जमिनीवर बसून हसलो. हसत होतो की रडत होतो ते सांगता येणार नाही. तो डबा आम्ही वर्षभरात संपवला. पुढच्या वर्षी पुन्हा एक केला. आता आम्हाला ती चटणी आवडते. दुसरी अळणी लागते.

हा डबा मात्र मी संयोगितेला देत नाही. तो माझ्याकडेच राहील. नव्या संसारात तिने ब्याडगीची चटणी न्यावी आणि सुखाने जेवावे. अमरसिंहचे जे काही राहिले आहे ते माझ्या वाट्याचे समजावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भैरवी वकीलबाईंनी करावी. माझ्या तेराव्याला जेवणात लवंगीची चटणी वाढावी, म्हणजे ज्यांना रडू येणार नाही त्यांची सोय होईल.

ठरल्याप्रमाणे हा कागद सहीआधी संयोगितेला वाचायला दिला. तिने समासात लिहिले ते असे:

"बाकी सगळं मान्य. आदर्शना आज होकार कळवते. रोज सकाळच्या एसटीनं डंकावर येणार, आणि दर सोमवारी आक्कांनी बिद्रीला जेवायला यायचं. कलम सहा मान्य नाही. अमर तुमच्या एकटीचा नव्हता. अर्धी लवंगी माझ्याबरोबर येणार. – संयोगिता"

यावर मी कलम सहामध्ये दुरुस्ती करते. लवंगीचा डबा दरवर्षी दोघींत निम्मा निम्मा वाटावा. आदर्शलाही चाखवावी. गूळ जवळ ठेवावा.

हा कागद मी वाचून, समजून, हसतमुखाने सही करत आहे. सही करताना कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर ते मिरचीचे समजावे आणि कोणी काही विचारू नये.

लिहून ठेवणार:
श्यामला विजयसिंह इंगवले

साक्षीदार:

१. डॉ. यज्ञेश्वर, मंगळवार पेठ. लिहून ठेवणार यांना मी तपासले असून त्या पूर्ण शुद्धीत आणि आनंदात आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली.

२. बाळासो इंगवले, बिद्री. माझ्यासमोर सही झाली. आज सोमवार हाय, डंक बंद हाय. तरीबी वर लिवलंय तसं मिरचीच समजावी.

स्थळ: कोल्हापूर
दिनांक: १० मार्च २०२५