ध्रुवपारचं निळं विमान

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शशांकचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी इथं ठीक आहे. तू ठीक आहेस असं तूच फोनवर सांगतेस आणि मी पुढचं काही विचारायच्या आत ठेवून देतेस, म्हणून कागदाकडे वळलो. तुझ्या त्या बटणांच्या फोनवर पाठवलेले मेसेज तू उघडतही नाहीस. तुझ्याजवळ वाढून कन्नड शाळेत शिकलेल्या भाच्याने मराठी विसरू नये म्हणून तूच मला पत्रं लिहायला लावायचीस. तेव्हा चुका लाल शाईने दाखव, मी काही म्हणणार नाही.

बातमी अशी, की फिनलंडमधल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत मला तीन वर्षांसाठी काम मिळालं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. त्याआधी तू माझ्याशी एकदा नीट बोलावंस एवढीच इच्छा आहे. दोन वर्षं झाली, आपलं बोलणं अर्ध्या मिनिटापलीकडे गेलेलं नाही. तू का रागावलीस ते तरी कळू दे. हवं तर भांड, पण बोल.

सोबत एक डिस्क पाठवतो. ‘ध्रुवपार’च्या सिनेमांवरून अवकाशातल्या लढाईचा गेम निघाला आहे. ते चारही सिनेमे तूच मला दाखवलेस आणि थिएटरबाहेर पडता पडता त्यांतल्या शास्त्राच्या चुकाही ऐकवल्यास. आमच्या वेबसाइटवर गेमचं परीक्षण मी लिहितोच, पण या वेळी जन्मात कधी गेम न खेळलेल्या माणसाचं मतही शेजारी छापायचं ठरलं आहे. तुझ्याइतकी खडूस परीक्षक मला पुण्यात मिळायची नाही. माझं जुनं कन्सोल तुझ्या कपाटावरच आहे. वरच्या मजल्यावरची रम्या वायरी जोडून देईल, तुझीच विद्यार्थिनी आहे.

माया होती तेवढी असू दे.

तुझा,
शशांक


सरस्वतीपुरम, म्हैसूर,
२६ सप्टेंबर २०२५

चि. शशांकास,
आत्याचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र आणि डिस्क दोन्ही पोचलं. फिनलंडचं वाचून आनंद झाला आणि मग उगाच घरभर फिरून आले. तिथं थंडी मरणाची असते म्हणतात. लोकरीचं काही विणायला घेऊ का, कळव. रागाचं म्हणशील तर मी कुणावर रागावलेले नाही. हल्ली फोनची लाइन खराब असते आणि मला फोनवर लांबण लावायला आवडत नाही, एवढंच. तुझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले नाहीत, पण परदेशी निघालास म्हणून माफ.

गावात दसऱ्याची धामधूम आहे. रस्तोरस्ती रोषणाई, बसगाड्या भलत्याच रस्त्यांनी वळवलेल्या. मी यंदा गोंबे मांडले नाहीत. बाहुल्या मांडल्या की बायका बघायला येतात, बसतात, तासभर बोलतात. नको वाटलं. बाहुल्यांची पेटी माळ्यावरच राहिली. संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून तुझा गेम लावून बसते.

आता परीक्षण. चित्रं उत्तम. कडी असलेला एक ग्रह उगवतो, तो बघत बसले आणि मेले. मेल्याचं वाईट वाटलं नाही. विमानं मात्र वळताना एका अंगावर कलतात. हवाच नाही तर कलायचं कशाला? नववीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. पण आवाजाबद्दल शाबासकी देते. सिनेमात अवकाशात नुसतं धडाडधूम चालायचं आणि निर्वात पोकळीतून आवाज जात नाही हे मी तुला दर वेळी सांगायचे. इथं ते पाळलं आहे. थोडी गुरगुर येते, बाकी सगळं शांत.

रम्याला मात्र तेवढंही खपत नाही. परवा दुपारी खाली आली, स्वतःच्या कानांवर हात ठेवले, टीव्हीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटली आणि गेली. माझ्या वर्गात सर्वांत जास्त गोंगाट हिचाच असायचा. आता हिचे कान नाजूक झाले.

तक्रार एकच आहे. त्यात एक निळं विमान आहे, सिनेमात कुठंच नव्हतं. लढाई सुरू झाली की ते माझ्या मागे लागतं. मी डावीकडे वळले की तेही डावीकडे, उजवीकडे वळले की उजवीकडे, पिच्छा म्हणून सोडत नाही. आता मी शहाणी झाले आहे. आरंभीच गर्रकन वळते आणि आधी त्यालाच पाडते. मग बाकीचे शत्रू चहूकडून येतात आणि माझा निकाल लावतात. चौथ्या लढाईच्या पुढं काही मी गेलेले नाही. गेम उगाच अवघड केला आहे. शंभरात पंचावन्न.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आठवण काढत जा.

तुझी,
सुमित्राआत्या


पुणे,
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं परीक्षण ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे हसले, निळ्या विमानापाशी तर पोट धरून. मीही हसलो. मग आपल्या जागेवर येऊन बसलो आणि माझं हसू गेलं.

आत्या, ते निळं विमान तुझ्या बाजूचं आहे. त्यात तारिणी नावाची वैमानिक आहे, खास खेळासाठी निर्माण केलेली. तुझी पाठ राखायला ती मागे असते आणि पहिल्या क्षणापासून बोलत असते, की मी आहे, डावीकडून दोघे येताहेत, वळ. तू गोळ्या झाडल्यास की ती ओरडते, थांब, मी आहे. स्वतःच्या सोबतिणीला पाडता येतं हे इथं कुणाला माहीतच नव्हतं. तिचा आवाज ऐकल्यावर तसं कुणी करून पाहिलंच नाही.

आधी वाटलं, तू टीव्हीचा आवाज बंद ठेवला असशील. पण वर राहणाऱ्या रम्याला सोसवेना इतका तो मोठा होता. या गेममधले स्फोट कानठळ्या बसवतात आणि तू शांततेबद्दल शाबासकी दिलीस. मग मला आपले फोन आठवले. तुला ऐकू येत नाही, आत्या. कधीपासून?

विचारायला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी आधीची नोकरी गेली तेव्हा मी तुला फोन केला होता. म्हटलं होतं, इथं माझं कुणी नाही, मी कायमचा घरी परत येऊ का, तुझ्याजवळ राहीन, मिळेल ते काम करीन. तू म्हणालीस, नको, राहू दे. आणि फोन ठेवलास. मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर सणालाही आलो नाही. फिनलंडचा अर्ज केला तोही त्यामुळेच. ते तू माझं ऐकून म्हणाली होतीस का, एवढं एकच सांग.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
शशांक


सरस्वतीपुरम, म्हैसूर,
९ ऑक्टोबर २०२५

चि. शशांकास,
आत्याचे मनापासून आशीर्वाद.

नाही रे. मी ऐकलं नव्हतं. एक अक्षरही नाही.

आधी डावा कान गेला, मग उजवा. चारेक वर्षं झाली असतील. कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना ऐकू येईनासं झालं तेव्हा घरात काय झालं ते मी पाहिलं आहे. थोडे दिवस सगळे मोठ्याने बोलले, मग कंटाळले, मग त्यांच्यादेखत त्यांच्याविषयीच बोलू लागले. माझं तसं व्हायला नको होतं. शिवाय मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई म्हणून माझं नाव. फोनवर माणसं चारच गोष्टी विचारतात, जेवलात का, तब्येत कशी, काही पाठवू का, कधी भेटायचं. अंदाजाने उत्तर दिलं की बहुधा जमून जातं. त्या दिवशी मला वाटलं, तू बाकरवडी पाठवू का विचारतो आहेस. म्हणून नको म्हटलं.

दोन वर्षं मी समजत होते, पोरगा पुण्यात रमला, आत्याला विसरला. मग मीही ताठ्यात गप्प बसले. भजनाला जाणं सोडलं, शेजारी जाणं सोडलं. एकटं वाटायचं रे, फार वाटायचं. तुला तिकडे तसंच वाटत असेल हे डोक्यातही आलं नाही.

काल रम्याला कागदावर लिहून दाखवलं, की मला ऐकू येत नाही. तिने त्याच कागदावर उत्तर लिहिलं, की मिस, ते तर आम्हाला केव्हाच ठाऊक आहे, तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होतो. अय्यो, केवढी शरम वाटली. मग तिने टीव्हीवर बोलण्याची अक्षरं उमटतील असं करून दिलं. तारिणी काय काय बोलते ते मी वाचलं. पुढं खेळवलं नाही, बंद केलं. परीक्षण छाप, पण आवाजाची शाबासकी काढ आणि लिही, की ऐकू न येणाऱ्यांसाठी ती अक्षरं आरंभीच दिसायला हवीत. त्याचे दहा गुण कापले आहेत.

फिनलंडला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. शब्द दिला आहेस, जा. पण तू त्या दिवशी विचारलंस त्याचं उत्तर ‘ये’ असं होतं. ऐकू आलं असतं तर तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं असतं. आता त्याचा उपयोग नाही हे मला समजतं. तरी तुझ्याजवळ चुकीचं उत्तर राहू नये म्हणून लिहिलं.

निघण्याआधी चार दिवस घरी येऊन जा. माझ्यासमोर उजेडात बस आणि तोंड माझ्याकडे करून सावकाश बोल. जे कळणार नाही, ते या वेळी मी कळलं नाही असंच सांगेन.

तुझी वाट पाहणारी,
आत्या